मोरीतला भोवरा आणि पृथ्वीचं फिरणं: गावात राहून तपासायची रीत

न्हाणीत बादली उपडी केली की पाणी मोरीच्या तोंडाशी गोल फिरतं आणि गुडगुड करत निघून जातं. आता घरोघरी मोबाइल आहे, त्यामुळे पुढचं वाक्यही सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं: उत्तर गोलार्धात पाणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे, आणि हे सगळं पृथ्वी फिरते म्हणून. विज्ञान प्रदर्शनीत एखादं पोरगं बेसिन आणि दोन बाण काढलेला तक्ता घेऊन उभं असतं, परीक्षक मान डोलावून पुढे जातात. या वाक्यात खरं आहे, पण ते खरं मोरीत दिसत नाही. ते पाहायचं असेल तर चार फुटांचं टाकं, एक अख्खा दिवस आणि घरच्यांची परवानगी लागते. तिन्ही मिळत असतील तर पुढे वाचा. नसतील तरी निदान बादलीचा भाग करून पाहा.

दिशांचं आधी ठरवून घेऊ, नाहीतर शेवटी वहीत गोंधळ होतो. देवाला प्रदक्षिणा घालतो ती वरून पाहिली तर काट्यांप्रमाणे असते. तिला इथे 'सुलट' म्हणू, आणि तिच्याविरुद्ध ती 'उलट'. पाहायचं नेहमी वरून, सरळ खाली. व्हिडिओ काढायचा तर फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने काढा. सेल्फीच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं पालटलेलं दिसू शकतं आणि तुमचा उलट भोवरा बसल्या जागी सुलट होतो.

सुरुवात बादलीपासून

कडा तुटली म्हणून बाजूला टाकलेली प्लास्टिकची बादली घ्या. तळाच्या बरोबर मध्यावर गरम सळईने करंगळी जाईल एवढं भोक पाडा. प्लास्टिक वितळून कडेला जो कंगोरा येतो तो ब्लेडने तासून काढा, कारण एकाच बाजूला राहिलेला बारीक कंगोराही पाण्याला वळण लावायला पुरतो. भोकाला खालून बूच बसवा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला तरी काम होतं. बादली दोन विटांवर ठेवा आणि विटांच्या मध्ये घमेलं सरकवा.

पाणी भरा, हात बुडवून दोन फेरे सुलट ढवळा, मिनिटभर थांबा आणि बूच ओढा. भोवरा सुलट पडेल. पुन्हा भरा, उलट ढवळा, उलट पडेल. यात नवल काही नाही. खरी गंमत तिसऱ्या खेपेला आहे. या वेळी पाण्याला हात लावायचा नाही. फक्त तोटीची धार बादलीच्या एका कडेला तिरपी पडू द्यायची. भरून झाल्यावर पाणी आरशासारखं दिसेपर्यंत थांबा, हवं तर पाच-दहा मिनिटं थांबा, आणि मग बूच ओढा. बहुतेक वेळा भोवरा धारेने पाण्याला जो फेरा दिला होता त्याच बाजूचा निघतो. धार समोरच्या कडेला न्या, म्हणजे तिचा फेरा पालटेल, आणि भोवराही पालटेल. वरून शांत दिसणारं पाणी आतून शांत नसतं, हे एवढ्यावरून कळतं.

हेच डोळ्यांनी पाहायचं असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा घ्या. विहिरीत टाकायला आणलेलं बहुतेक गावांत कुणाकडे तरी असतंच. खडा पाण्यात अलगद सोडला की तो तळाला जाईपर्यंत मागे जांभळ्या रंगाची सरळ दोरी ठेवतो. आता त्या दोरीकडे बघत बसा. थोड्याच वेळात ती मधूनच वाकायला लागते, वरचं टोक एकीकडे सरकतं, खालचं दुसरीकडे, आणि मग सगळ्या दोरीला पीळ पडतो. बादली भरून दहा मिनिटं झालेली असली तरी हे होतं. खड्याने हात आणि कपडे दोन्ही डागाळतात, म्हणून कागदाच्या चिमटीत धरा.

मोरीचं तर याहून सोपं आहे. आपल्याकडे न्हाणीचा उतार मिस्त्रीने एका कोपऱ्याकडे दिलेला असतो आणि मोरीचं तोंड त्या कोपऱ्यात, एका भिंतीला लागून. पाणी चारी बाजूंनी सारखं येतच नाही. ते एका भिंतीला घासत येतं आणि तोंडाशी वळतं. भिंत कुठल्या हाताला आहे त्यावर भोवऱ्याची दिशा ठरते. वॉश बेसिनमध्ये तोटी मध्यावर नसते, आणि कमोडच्या फ्लशमध्ये तर पाणी मुद्दामच तिरपं सोडलेलं असतं. एकाच घरातल्या दोन मोऱ्या दोन दिशांनी फिरताना सापडल्या तर पृथ्वीला मध्ये घेऊ नका.

पृथ्वीचा वाटा किती, ते आधी मोजा

बरेच लोक हिशेब वगळून थेट प्रयोगावर येतात आणि म्हणून फसतात. हिशेब दहावीच्या मुलाला जमेल इतकाच आहे.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारते. उत्तर ध्रुवावर उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन तेवढ्याच वेळात एक चक्कर फिरते. विषुववृत्तावरची जमीन अशी चकतीसारखी अजिबात फिरत नाही. मधल्या गावासाठी ते २३ तास ५६ मिनिटं तिथल्या अक्षांशाच्या साइनने भागायचे. नागपूर २१.१५ अंशांवर आहे, त्याची साइन ०.३६, म्हणजे नागपूरची जमीन सुमारे ६६ तासांत एक फेरी घेते. यवतमाळला साधारण ६९ तास लागतात, चंद्रपूरला ७०. दिशा उलट. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने १८५१ साली पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून लोकांना दाखवलं ते हेच. दिल्लीच्या नव्या संसद भवनात तसाच लंबक आहे आणि दिल्ली आपल्यापेक्षा उत्तरेला असल्याने त्याची फेरी जवळपास ५० तासांत होते.

म्हणजे यवतमाळच्या अंगणात ठेवलेला टब आणि त्यातलं 'स्थिर' पाणी, दोन्ही मिळून ६९ तासांत एक उलट फेरी घेतच असतात. मोरीच्या गोष्टीत पृथ्वीचा वाटा एवढाच.

आता दुसरी बाजू. टबाच्या मध्यापासून ५० सेंटिमीटरवर पाणी सेकंदाला फक्त एक मिलिमीटर सरकतंय असं धरा. डोळ्याला हे दिसणारही नाही. तरी त्या वेगाने त्याची एक फेरी ५२ मिनिटांत पूर्ण होते. ६६ तास कुठे आणि ५२ मिनिटं कुठे! न दिसणारा तो प्रवाह पृथ्वीच्या वाट्याच्या ७५ पट आहे, आणि बादलीत पाणी ओतल्यावर राहणारी खळबळ याहून कितीतरी मोठी असते.

मग एवढा लहान परिणाम दिसणार कसा? पाणी मध्याकडे ओढलं जाताना त्याचा फिरण्याचा वेग वाढत जातो. अंतर निम्मं झालं की फेऱ्यांचा वेग चौपट होतो, अंतर दहावा हिस्सा झालं की शंभरपट. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या टाक्याच्या कडेचं पाणी अर्धा सेंटिमीटर त्रिज्येच्या भोकापर्यंत आलं तर अंतर १२० पटीने घटतं आणि वेग १४,४०० पटीने वाढतो. नागपूरची ६६ तासांची फेरी आता सुमारे १७ सेकंदांत होते. हे डोळ्यांना दिसतं.

हाच हिशेब बादलीला लावा. त्रिज्या १४ सेंटिमीटर, भोकाची त्रिज्या पाऊण सेंटिमीटर. वाढ साडेतीनशे पटीच्या आसपास, म्हणजे एक फेरी साडेअकरा मिनिटांत. आणि बादली रिकामी होते दोन-अडीच मिनिटांत. पाणी कितीही शांत केलं तरी बादलीत पृथ्वीला आपला हात दाखवायला वेळच मिळत नाही. म्हणून टाकं रुंद हवं, उथळ हवं आणि भोक बारीक हवं.

ही गोष्ट आधी करून दाखवणारा माणूस अमेरिकेतला, एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतला प्राध्यापक आशर शापिरो. १९६२ साली त्याने सहा फूट व्यासाचं सपाट तळाचं गोल टाकं घेतलं, त्यात सहा इंच पाणी भरलं, मध्यावर तीन अष्टमांश इंचाचं भोक ठेवलं आणि भरताना पाणी मुद्दाम सुलट फिरवलं. एक-दोन तासांत सोडलं तर पाणी सुलटच फिरत गेलं. २४ तास झाकून ठेवून सोडलं तेव्हा पहिली १२ ते १५ मिनिटं काहीच दिसलं नाही आणि मग तरंगणारी काडी हळूहळू उलट फिरायला लागली. टाकं रिकामं व्हायला २० मिनिटं लागत होती आणि शेवटी तीन-चार सेकंदांत एक फेरी एवढा वेग आला. तो प्रयोग ४२ अंश अक्षांशावरचा होता. आपल्या विदर्भात पृथ्वीचा वाटा त्याच्या साधारण निम्मा, त्यामुळे आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते.

टाकं बांधणं

शोषखड्ड्यासाठी सिमेंटच्या रिंगा मिळतात, त्यातली चार फूट व्यासाची एक फूटभर उंचीची रिंग या कामाला उत्तम. जनावरांच्या पाण्याचा गोल प्लास्टिक टब घ्यायचा तर तळ सपाट आहे का ते आधी पाहा, कारण बऱ्याच टबांच्या तळाला मजबुतीसाठी पट्ट्या उठवलेल्या असतात. फवारणीचा २०० लिटरचा ड्रम कुणी सुचवेल. तो अरुंद आणि खोल असतो, म्हणजे नेमका उलट्या गुणांचा. आणि औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी पोरांच्या हाताखाली देऊ नका.

जागा बंद खोलीतली. दिवाळीच्या सुट्टीतला शाळेचा रिकामा वर्ग किंवा कापूस विकून मोकळं झालेलं कोठार चालेल. पाणी बाहेर सोडायला खाली उतार लागतो, म्हणून जोतं तीन फुटांच्या वर असलेली खोली निवडा. विटांचा दोन थरांचा ओटा करून त्यावर रिंग ठेवा आणि आत तळ ओतून घ्या. ओतण्याआधी मध्यावर ठिबकची १२ मिलिमीटरची नळी उभी पुरा. आतून ती साधारण एक सेंटिमीटर असते आणि सावकाश वाकवली तर तिला एल्बोही लागत नाही. विटांच्या फटीतून ती बाहेर काढा. तळ सुकल्यावर नळीचं वर आलेलं टोक तळाच्या सपाटीला कापा. मिस्त्रीला सांगा की तळ घोटून काचेसारखा करायचा आहे आणि न्हाणीसारखा उतार अजिबात द्यायचा नाही. हे दोनदा सांगा, कारण हाताला सवय उताराची असते. पाणसळ चारी दिशांना ठेवून तपासा. शेवटी टाक्यात बोटभर पाणी घालून पाहिलं की चढ-उतार कुठे आहे ते आपोआप कळतं.

बाहेरची नळी आठ-दहा फूट ठेवा आणि तिच्या शेवटच्या टोकाला ठिबकचाच कॉक बसवा. कॉक टाक्याच्या तळाशी बसवू नका. तिथे हात घातला की पाणी हललंच. दूरच्या टोकाला कॉक असला तर नळी आधीपासून पाण्याने भरलेली राहते आणि तो उघडताना टाक्याला धक्का बसत नाही. टोक टाक्यापेक्षा तीन फूट खाली असेल तर सहा इंच भरलेलं टाकं, म्हणजे साधारण १७० लिटर पाणी, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर रिकामं होतं.

भरणं आणि थांबणं

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे.

पाणी सहा इंचांपेक्षा जास्त भरू नका. पाण्यातली खळबळ पाण्याच्याच चिकटपणाने, तळाशी घासून विझते आणि खोली दुप्पट झाली की त्याला चौपट वेळ लागतो. सहा इंच पाण्यात उरलेला फेरा ढोबळमानाने दर अडीच तासांनी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दोन-तीन तासांत तो संपत नाही, २४ तासांत तो हजारो पटीने घटतो. एक फूट भरलंत तर तेवढ्याच शांततेसाठी चार दिवस लागतील.

भरताना पाणी मुद्दाम फिरवायचं. नळी कडेला तिरपी धरा म्हणजे सगळं टाकं सुलट फिरायला लागेल. हे वेड्यासारखं वाटतं, पण यातच प्रयोगाची इमानदारी आहे. आपल्याला उलट भोवरा हवाय, म्हणून सुरुवात त्याच्या विरुद्ध करून द्यायची. तरीही शेवटी उलटच आला तर ओतण्याचा दोष निघाला असं म्हणता येतं. पुढच्या खेपेला उलट फिरवून भरायचं, मग पुन्हा सुलट.

भरून झालं की वर प्लास्टिक ताणून बांधा, पाण्याला न टेकता. वारा आत जाऊ नये एवढंच कारण नाही. उघड्या पाण्याची वाफ होते, वरचा थर गार होऊन खाली बसतो, खालचं वर येतं, आणि हे चक्र २४ काय ४८ तासांतही थांबत नाही. उन्हाची तिरीप एका बाजूला पडली तरी तेच. म्हणून विदर्भात हा प्रयोग मे महिन्यात करू नये. दुपारी टिनाची खोली तापते, रात्री निवते, आणि खोलीत कूलर चालू असेल तर विचारायलाच नको. हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांत मोठा फरक. सगळ्यात चांगले दिवस श्रावणातले, झड लागलेली असताना, जेव्हा दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. टिनाऐवजी कवेलूचं किंवा स्लॅबचं छप्पर असेल तर अधिक बरं. विहिरीचं गार पाणी भरलं असेल तर ते खोलीच्या तापमानाला यायला जो वेळ लागतो तोही धरा, घाई नसेल तर दीड दिवस ठेवा.

माणसांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. भरलेलं टाकं दिसलं की गडवा बुडवून हात धुण्याचा मोह आवरत नाही. 'इतकं पानी भरून ठेवलं अन् कोनी घ्याचं नाही म्हनता?' हा प्रश्न येणारच, आणि येईपर्यंत गडवा बुडालेला असतो. एकदा गडवा बुडाला की घड्याळ पुन्हा शून्यावर. दाराला कुलूप लावा. घरात रांगतं मूल असेल तर कुलूप हवंच, सहा इंच पाणीही त्याच्या जिवाला धोक्याचं असतं. आशाताईंनी साठवलेल्या पाण्याबद्दल विचारलं तर दोन दिवसांत उपसणार असं सांगा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, पण प्रयोग झाल्यावर पाणी तसंच ठेवू नका. शेजारी मळणीयंत्र किंवा पिठाची चक्की असेल तर ती बंद असेल अशी वेळ गाठा.

कॉक उघडण्याची वेळ

भोवरा दाखवणारी खूण आधी करून ठेवा. खराट्याच्या बारीक काडीचे इंचभराचे दोन तुकडे अधिक चिन्हासारखे दोऱ्याने बांधा आणि एका टोकाला नखाचा रंग लावा. कागदाचा तुकडा किंवा थर्माकोल नको, फुंकरीनेही पळतो.

प्लास्टिकला मध्यावर आधीच छोटी खिडकी कापून तिच्यावर झाकण चिकटवलेलं असावं. दबकत आत जा. झाकण उचला, काडी चिमट्याने भोकाच्या बरोबर वर सोडा. फोन वरच्या आढ्याला बांधून चालू करा. आता वाकून तोंड पाण्यावर धरू नका, श्वासाचा वारा पुरेसा असतो. बाहेरच्या माणसाने कॉक सावकाश, चार-पाच सेकंदांत पूर्ण उघडायचा. हाक मारून सांगायचं, धावत यायचं नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं कंटाळवाणी असतात. मध्याजवळचं पाणी आधी जातं आणि त्याने फारसा पल्ला गाठलेला नसतो, त्यामुळे त्यात वेग नसतो. कडेचं पाणी मध्यावर पोचायला उशीर लागतो आणि फेरा त्याच्यात असतो. निम्म्याहून अधिक पाणी गेल्यावर काडीच्या रंगीत टोकावर नजर ठेवा. १७ सेकंदांत एक फेरी हा कागदावरचा आकडा आहे. काडी भोकापेक्षा लांब असते आणि तळाशी पाणी घासतं, म्हणून प्रत्यक्षात फेरी सावकाश होईल. मिनिटाला दोन फेऱ्या मिळाल्या तरी चांगलं समजा. अगदी शेवटी, पाणी बोटभर उरल्यावर हवा ओढणारा खड्डा पडतो. त्या क्षणाची दिशा नोंदीत धरू नका, तेव्हा तळाचा जरासा चढ-उतारही राज्य करतो.

काडी सुरुवातीलाच, पहिल्या मिनिटात, जोरात फिरायला लागली तर समजा की पाणी शांत नव्हतं. दिशा मनासारखी उलट आली असली तरी ती खेप बाद करा. बाद खेपेची नोंदही वहीत राहू द्या. प्रदर्शनीतल्या वह्यांत सगळ्या खेपा गोड असतात, त्यावर कोण विश्वास ठेवणार?

किती खेपा, आणि मग काय म्हणायचं

एका खेपेने काही सिद्ध होत नाही, नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा उलटच येईल. सहा खेपा करा, तीन सुलट भरून आणि तीन उलट भरून, सगळ्या २४ तास थांबून. सहाही उलट आल्या तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता ६४ मध्ये एक. पाच-एक असा निकाल आला तर आणखी खेपा करा. तीन-तीन आला तर खोलीतलं ऊन, वारा आणि प्लास्टिकची बांधणी तपासा.

याच्या जोडीला, वेळ कमी असली तरी, दोन आखूड खेपा जरूर करा: एक सुलट भरून फक्त तासाभराने सोडायची, एक उलट भरून. या दोन्हींत भोवरा भरलेल्या दिशेचाच यायला हवा. आखूड खेपांत पाणी भरणाऱ्याचं ऐकतं आणि लांब खेपांत कुणाचंच ऐकत नाही, हे एकाच टाक्यात दाखवता आलं तर परीक्षकाला बोलायला जागा उरत नाही.

तरी एक चाणाक्ष पोर विचारेल: तुमच्या टाक्याच्या तळालाच उलट पीळ असेल तर? मिस्त्रीची थापी एकाच बाजूने गोल फिरलेली असते, सिमेंटवर तिचे वळसे राहतात. प्रश्न रास्त आहे. टाकं अर्धं फिरवून ठेवल्याने हा संशय फिटत नाही, कारण उलटा वळसा अर्धा फिरवला तरी उलटाच राहतो. खोलीच्या खिडकीचा परिणाम तेवढा यातून कळतो. संशय पुरा फिटायला असाच प्रयोग दक्षिण गोलार्धात करावा लागतो. तो ऑस्ट्रेलियात सिडनीला लॉइड ट्रेफेथन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केला, १९६५ साली निकाल छापला, आणि दीर्घकाळ शांत ठेवलेलं पाणी तिथे सुलट फिरत गेलं. आपल्या हातात एवढंच आहे की दुसऱ्या मिस्त्रीकडून किंवा वेगळ्या टबात प्रयोग पुन्हा करायचा.

विषुववृत्तावरचा खेळ प्रदर्शनीत करा

केनियातल्या नान्युकी गावातून विषुववृत्त जातं. तिथे पर्यटकांना भोकाचं भांडं दाखवतात. रेषेच्या उत्तरेला काही पावलांवर पाणी एका दिशेने, दक्षिणेला दुसऱ्या दिशेने, आणि रेषेवर सरळ खाली. व्हिडिओ पाहिलेले असतील. आता वरचाच हिशेब लावा: रेषेपासून २० मीटरवर जमिनीची एक फेरी व्हायला साडेआठशे वर्षांहून जास्त काळ लागतो. पाणी मिनिटभरात संपतं.

खेळ हाताचा आहे. भांडं घेऊन चालताना माणूस लोकांकडे तोंड करण्यासाठी वळतो, भांडं त्याच्यासोबत वळतं, आणि डावीकडून वळला की उजवीकडून, त्यावर फेरा ठरतो. हे आपल्या पोरांना अर्ध्या तासात शिकवता येतं. शाळेच्या मैदानावर फक्कीने एक रेघ मारा, तिला विषुववृत्त म्हणा, भोकाची परात द्या आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन दिशा काढून दाखवायला लावा. प्रेक्षकांना आधी दाखवा, मग विचारा की विषुववृत्त आपल्या गावात कसं आलं.

पृथ्वी खरंच वळण लावते ते आभाळात पाहा

कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली फिरण्यामुळे लागणाऱ्या वळणाचा हा हिशेब मांडला तो पाणचक्कीसारख्या फिरत्या यंत्रांसाठी. त्याचा मोठा उपयोग झाला तो हवामानात. पल्ला शेकडो किलोमीटरचा आणि वेळ दिवसांची असली की पृथ्वीचा लहानसा वाटा साठत जातो आणि वारा पुरता वळतो.

बंगालच्या उपसागरातून ओडिशा, छत्तीसगडमार्गे कमी दाबाचं क्षेत्र आलं की आपल्याकडे झड लागते. त्याच्याभोवती वारा नेहमी उलट फिरतो. हे अंगणातून तपासता येतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाबाचा मध्य तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. क्षेत्र छत्तीसगडवर असेल तर आपल्याकडे वारा उत्तरेकडून येतो. ते मध्य प्रदेशात, आपल्या वरच्या बाजूला सरकलं की पश्चिमेकडून. आणखी पुढे गेलं की नैर्ऋत्येकडून. पोरांना तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद करायला लावा आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजाशी ताडून पाहा. दिशा ढगांच्या सरकण्यावरून घ्या. जमिनीवरचा वारा घरं, झाडं आणि टेकड्यांना अडून भलतीकडे वळतो.

वावटळीचं मात्र तसं नाही. चैत्र-वैशाखात नांगरून पडलेल्या वावरात धुळीचे खांब उठतात, ते उलटही फिरतात आणि सुलटही. काही मीटर रुंदी आणि काही मिनिटांचं आयुष्य, म्हणजे बादलीचंच मोठं भावंड. दिशा ओळखायची युक्ती अशी: वावटळीची आपल्याकडची बाजू पाहायची. पाचोळा समोरून डावीकडून उजवीकडे जात असेल तर ती उलट, उजवीकडून डावीकडे जात असेल तर सुलट. बांधावर बसून उन्हाळाभर रेघा ओढा, एका रकान्यात उलट, दुसऱ्यात सुलट. डोक्याला दुपट्टा बांधा, आणि वावटळ अंगावर आली तर मोजणी सोडून डोळे झाका.